ग्लिबसी २.३६ वर सिस/माउंट.एच आणि लिनक्स/माउंट.एच एका फाइलीत नांदत नाहीत

रेस्क्यू_इमेज

रेस्क्यू इमेजमध्ये (बिघडलेली सिस्टम दुरुस्त करायला बूट करायची डिस्क इमेज) टाकण्यासाठी सी मध्ये लिहिलेलं एक छोटं माउंट टूल आहे. उबुंटू २२.०४ वर (ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी, २.३५; कर्नल हेडर ५.१५) ते एकही वॉर्निंग न देता बिल्ड होतं. आता तेच लिनक्स फ्रॉम स्क्रॅच ११.२ च्या पद्धतीने बांधलेल्या सिसरूटमध्ये (टार्गेटचे हेडर आणि लायब्ररी असलेली वेगळी डिरेक्टरी) बिल्ड करायचं आहे. तिथे ग्लिबसी २.३६ मूळ टारबॉलमधून आहे, कर्नल हेडर ५.१९ चे, जीसीसी १२.२.

फाइलीच्या सुरुवातीला हे आहे:

#इन्क्लूड <सिस/माउंट.एच>
#इन्क्लूड <सिस/आयऑक्टल.एच>
#इन्क्लूड <लिनक्स/एफएस.एच>

माउंट() आणि एमएस_ फ्लॅगांसाठी पहिलं, बीएलकेगेटसाइझ६४ (डिस्कचा आकार विचारणारा आयऑक्टल) साठी तिसरं. या क्रमाने दोन एरर येतात: "रीडेफिनिशन ऑफ स्ट्रक्ट माउंट_अॅट्र" आणि "रीडिक्लरेशन ऑफ एनम एफएसकॉन्फिग_कमांड". लिनक्स/एफएस.एच सगळ्यात वर नेलं की एमएस_आरडीओन्लीच्या ओळीवर "एक्स्पेक्टेड आयडेंटिफायर बिफोर न्यूमरिक कॉन्स्टंट".

शिवाय टूलमध्ये एफएसओपन() चा स्वतःचा स्टॅटिक रॅपर आहे (आतून सिसकॉल, म्हणजे कर्नलला थेट हाक). त्यावर "स्टॅटिक डिक्लरेशन फॉलोज नॉन-स्टॅटिक डिक्लरेशन" अशी वेगळी एरर आहे.

हेडरांचा बरोबर क्रम कोणता? सोर्स असा हवा की जुन्या आणि नव्या दोन्ही ग्लिबसीवर बिल्ड व्हावा. पुढे मसल या दुसऱ्या, छोट्या सी लायब्ररीवरही न्यायचा आहे.

सिसरूट

२.३६ च्या मूळ टारबॉलवर बरोबर क्रम असा नाहीच. तुमच्या दोन एररांची कारणं दोन आहेत, ती आधी सुटी करू.

पहिलं कारण जुनं आहे. कर्नलच्या हेडरमध्ये एमएस_आरडीओन्ली हा साधा मॅक्रो आहे, किंमत १. ग्लिबसीच्या सिस/माउंट.एच मध्ये तेच नाव एनमचा सदस्य आहे, आणि #इफडेफ ने तपासता यावं म्हणून लगेच खाली त्या नावाचा त्याच नावाकडे जाणारा मॅक्रो केलेला आहे. कर्नलचं हेडर आधी आलं की प्रीप्रोसेसर एनममधल्या नावाच्या जागी १ ठेवतो आणि कंपायलरपुढे "१ = १" येतं. हा घोळ २.३५ मध्येही होता. तुमचा क्रम सिस आधी, लिनक्स नंतर असा असल्यामुळे तो दिसला नाही: त्या क्रमात फक्त मॅक्रो पुन्हा डिफाइन होतो, आणि सिस्टम हेडरांमधल्या वॉर्निंगा जीसीसी दाखवत नाही.

दुसरं कारण २.३६ चं. नवीन माउंट एपीआयचे सिसकॉल (एफएसओपन, एफएसकॉन्फिग, एफएसमाउंट, मूव्ह_माउंट, ओपन_ट्री) कर्नल ५.२ मध्ये २०१९ साली आले, माउंट_सेटअॅट्र ५.१२ मध्ये. ग्लिबसीने त्यांचे रॅपर ऑगस्ट २०२२ मध्ये, २.३६ मध्ये दिले, आणि त्यासोबत स्ट्रक्ट माउंट_अॅट्र व एनम एफएसकॉन्फिग_कमांड सिस/माउंट.एच मध्ये आणले. तीच दोन्ही नावं लिनक्स/माउंट.एच मध्ये आधीपासून आहेत. तुम्ही ते हेडर थेट मागितलेलं नाही, पण लिनक्स/एफएस.एच त्याला आतून ओढून आणतं. म्हणजे २.३५ वर निदान एक क्रम चालायचा, मूळ २.३६ वर दोन्ही क्रम बंद.

सी२३ मध्ये एकाच फाइलीत तंतोतंत सारखं स्ट्रक्ट दोनदा आलं तरी चालतं, म्हणून "स्टँडर्ड बदला" असा सल्ला कोणी देईल. इथे तो लागू पडत नाही. कर्नलच्या स्ट्रक्टमध्ये __यू६४ आहे, ग्लिबसीच्या स्ट्रक्टमध्ये यूइंट६४_टी. एक्स८६-६४ वर पहिला अनसाइन्ड लाँग लाँग, दुसरा अनसाइन्ड लाँग. आकार सारखा असला तरी टाइप वेगळे, त्यामुळे एरर राहतेच.

टूलचेन (कंपायलर आणि सी लायब्ररी) तुमच्या हातात आहे, तर पहिलं काम तिथे: ग्लिबसी २.३७ (फेब्रुवारी २०२३) घ्या किंवा २.३६ च्या रिलीज ब्रांचमधले पॅच लावा. दुरुस्त सिस/माउंट.एच लिनक्स/माउंट.एच उपलब्ध आहे का हे __हॅज_इन्क्लूड ने पाहून ते स्वतःच आणतं, एनममधल्या प्रत्येक नावाआधी #अनडेफ करतं, आणि स्वतःचं स्ट्रक्ट कर्नलने दिलं नसेल तरच देतं. २.३६ देणाऱ्या अनेक डिस्ट्रिब्यूशनांनी हे पॅच घेतले, म्हणून "माझ्याकडे तर २.३६ वर चालतं" असं सांगणारे भेटतील. त्यांचं २.३६ आणि तुमचं २.३६ एक नाही.

ब्लॉक_डिव्हाइस

टूलचेनला हात लावण्याआधी लिनक्स/एफएस.एच खरंच हवं आहे का ते बघा. फक्त बीएलकेगेटसाइझ६४ साठी असेल तर ती ओळ काढून टाका. ग्लिबसीचं सिस/माउंट.एच स्वतःच बीएलकेआरओगेट, बीएलकेआरआरपार्ट, बीएलकेएफएलएसबफ, बीएलकेएसएसझेडगेट, बीएलकेगेटसाइझ६४ एवढे आयऑक्टल देतं. मसलमध्येही ते त्याच हेडरमध्ये आहेत. निम्म्या टूलांमध्ये हा झगडा एवढ्यावरच मिटतो.

एक बारीक गोष्ट, कारण ३२-बिटवर ती फार महागात पडते. बीएलकेगेटसाइझ६४ च्या डेफिनिशनमध्ये साइझ_टी लिहिलेलं आहे, पण कर्नल नेहमी पूर्ण ८ बाइट लिहितो. व्हेरिएबल यूइंट६४_टी च ठेवा. ३२-बिटवर साइझ_टी ४ बाइटांचा, उरलेले ४ बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर जातात आणि कंपायलर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

बीएलकेडिस्कार्ड, बीएलकेपीबीएसझेडगेट, एफएस_आयओसी_सेटफ्लॅग्ज, एफआयक्लोन यांपैकी काही लागत असेल तर मात्र लिनक्स/एफएस.एच लागेल.

कॉन्फिगर_स्क्रिप्ट

रॅपरच्या एररबद्दल. हेडर दुरुस्त झाले तरी ती राहील, कारण २.३६ पासून एफएसओपन() सिस/माउंट.एच मध्ये खरोखर डिक्लेअर आहे. हाच प्रकार ग्लिबसी २.३० मध्ये गेटटीआयडी() आला तेव्हा कितीतरी प्रोजेक्टांत झाला. त्यात आणखी एक मेख अशी की गेटटीआयडी() फक्त _जीएनयू_सोर्स असेल तर दिसतो. त्यामुळे एकाच प्रोजेक्टमधली एक फाइल फुटायची आणि दुसरी बिल्ड व्हायची.

उपाय: लिबसीचं (सी लायब्ररीचं) नाव स्वतःच्या फंक्शनला कधीच देऊ नका. रॅपरला प्रोजेक्टचा प्रिफिक्स लावा, उदाहरणार्थ आरआय_एफएसओपन(). आत ग्लिबसीचं फंक्शन असेल तर ते, नसेल तर सिसकॉल(एसवायएस_एफएसओपन, ...). एफएसओपन नावाचा मॅक्रो करून रॅपरकडे वळवण्याची युक्तीही टाळा. तो मॅक्रो पुढच्या प्रत्येक हेडरमधलं ते नाव बदलतो, आणि मग एरर तुमच्या फाइलीऐवजी सिस्टमच्या हेडरमध्ये दिसते.

तपासणी कशी करता हेही महत्त्वाचं. ऑटोकॉन्फचं (बिल्डआधी सिस्टम तपासणाऱ्या टूलचं) एसी_चेक_फंक्स फक्त लिंक करून बघतं. सिंबॉल लायब्ररीत आहे एवढंच त्यातून कळतं, कोणत्या हेडरमध्ये डिक्लेअर आहे हे नाही. इथे एसी_चेक_डेक्ल्स लागतं, आणि स्ट्रक्टसाठी एसी_चेक_टाइप्स, दोन्हींना सिस/माउंट.एच चा इन्क्लूड देऊन. मेसॉनमध्ये सीसी.हॅज_हेडर_सिंबॉल आणि सीसी.हॅज_टाइप, तिथेही प्रिफिक्समध्ये तेच हेडर आणि तेच _जीएनयू_सोर्स जे खऱ्या फाइलीत आहे. चाचणीतला इन्क्लूड आणि कोडमधला इन्क्लूड वेगळा असेल तर त्या चाचणीचा उपयोग नाही.

लिनक्स_व्हर्जन_कोड बघून निर्णय घेऊ नका. तो आकडा हेडर कोणत्या कर्नलचे आहेत ते सांगतो. ग्लिबसीत काय आहे किंवा टूल ज्या मशीनवर चालेल तिथला कर्नल कोणता, यातलं काहीच त्यातून कळत नाही. चालताना ईनोसिस (हा सिसकॉल कर्नलमध्ये नाही अशी एरर) येतो का ते बघून जुन्या माउंट() वर परत या.

रेस्क्यू_इमेज

बीएलकेडिस्कार्ड लागतं, आणि माउंट_सेटअॅट्र() माउंट_अॅट्र_आयडीमॅप सोबत वापरायचं आहे. म्हणजे लिनक्स/एफएस.एच सुटत नाही.

लिनक्स/माउंट.एच चा इन्क्लूड गार्ड (तेच हेडर दोनदा वाचलं जाऊ नये म्हणून असलेला मॅक्रो) आधीच डिफाइन करून ते हेडर रिकामं पाडलं तर? एका टूलच्या सोर्समध्ये असं पाहिलं आहे.

सिसरूट

नको. गार्डचं नाव कोणालाही वचन म्हणून दिलेलं नाही. कर्नलच्या सोर्समध्ये ते _यूएपीआय ने सुरू होतं, मेक हेडर्स_इन्स्टॉल करताना स्क्रिप्ट तो भाग काढून टाकते. एका ठिकाणी युक्ती चालेल, दुसरीकडे काहीच होणार नाही. आणि दुरुस्त ग्लिबसीवर, जिथे सिस/माउंट.एच स्वतःच ते हेडर आणतं, तिथे त्यातली जी नवीन नावं ग्लिबसी स्वतः देत नाही ती गायब होतील.

टिकणारा उपाय म्हणजे फाइल फोडणं. एका .सी फाइलीने एकाच बाजूचे हेडर घ्यायचे, एकतर लिबसीचे नाहीतर कर्नलचे. तुमच्याकडे तीन फाइली होतील.

माउंट-लिबसी.सी : यात सिस/माउंट.एच. माउंट(), यूमाउंट२(), एमएस_ फ्लॅग इथेच. लिनक्स/ ने सुरू होणारं एकही हेडर नाही.

माउंट-कर्नल.सी : यात लिनक्स/माउंट.एच, लिनक्स/एफएस.एच, सिस/आयऑक्टल.एच, सिस/सिसकॉल.एच, युनिएसटीडी.एच. बीएलकेडिस्कार्ड आणि माउंट_सेटअॅट्र इथे, नंतरचं सिसकॉल() वापरून. सिस/माउंट.एच नाही. या यादीतलं कोणतंही हेडर ग्लिबसीत ते आतून आणत नाही.

माउंट-अंतर्गत.एच : दोघांमधला करार. यात फक्त इंट, यूइंट६४_टी, कॉन्स्ट कॅर * असे टाइप. उदाहरणार्थ:

इंट आरआय_आयडीमॅप(इंट ट्री_एफडी, इंट यूजरएनएस_एफडी);
इंट आरआय_डिस्कार्ड(इंट एफडी, यूइंट६४_टी सुरुवात, यूइंट६४_टी लांबी);

या हेडरमध्ये स्ट्रक्ट माउंट_अॅट्र, एमएस_ किंवा __यू६४ यांपैकी काहीही आलं तर फाइल फोडल्याचा फायदा गेला, कारण ते वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीला पुन्हा बाजू निवडावी लागते. __यू६४ ची किंमत छापायची वेळ आली तर अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये कास्ट करून %एलएलयू वापरा. मघाचा टाइपांचा फरक इथेही अडवतो.

जुन्या हेडरांमध्ये एसवायएस_माउंट_सेटअॅट्र नसेल तर नंबर स्वतः द्यावा लागतो. एक्स८६-६४ वर तो ४४२ आहे, एफएसओपनचा ४३०. #इफनडेफ च्या आत आणि आर्किटेक्चर तपासून द्या, कारण अल्फा आणि मिप्सवर नंबर वेगळे आहेत.

दुसरा मार्ग मोठ्या प्रोजेक्टांचा: कर्नलच्या हेडरांची स्वच्छ केलेली प्रत सोर्ससोबत ठेवायची. आयपीरूट२ (नेटवर्कची टूलं) तसं करतं. हेडर किती जुने ही चिंता त्याने जाते, पण लिबसीशी टक्कर तशीच राहते, आणि प्रत दर कर्नलला ताजी करणारा माणूस लागतो. एवढ्या टूलला मी ते सुचवणार नाही.

स्टॅटिक_लिंक

मसलवर जाणार आहात म्हणून आत्ताच लिहितो. कर्नलच्या बाजूने टक्कर टाळण्याची जी सोय आहे ती लिनक्स/लिबसी-कंपॅट.एच मध्ये (कर्नल ३.१२ पासून). त्यातला मोठा भाग __ग्लिबसी__ हा मॅक्रो असेल तरच चालतो. मसलमध्ये तो नाही, आणि मसलचा स्वतःचा ओळखीचा मॅक्रोही मुद्दाम ठेवलेला नाही. मग कर्नल समजतो की सगळे टाइप त्यानेच द्यायचे.

नेहमी सापडणारी जोडी: नेटइनेट/इफ_ईथर.एच आणि लिनक्स/इफ_ईथर.एच, एरर "रीडेफिनिशन ऑफ स्ट्रक्ट ईथएचडीआर". मसल १.१.२० पासून पहिलं हेडर __यूएपीआय_डेफ_ईथएचडीआर ला ० करतं, आणि कर्नल ४.१५ पासूनचं दुसरं ते बघून स्वतःचं स्ट्रक्ट देत नाही. म्हणून लिबसीचं हेडर आधी, कर्नलचं नंतर. उलट्या क्रमाने हा मॅक्रो काही करत नाही.

दुसरी जोडी सिस/सिसइन्फो.एच आणि लिनक्स/कर्नल.एच. लिनक्स/सिसइन्फो.एच मधलं स्ट्रक्ट आणि मसलचं स्ट्रक्ट यांची नावं एकच. लिनक्स/कर्नल.एच कोणी थेट मागत नाही, ते लिनक्स/नेटलिंक.एच सारख्या हेडरांमधून येत असे. कर्नल ५.११ मध्ये त्या हेडरांना हवे असलेले मॅक्रो लिनक्स/कॉन्स्ट.एच मध्ये हलवले आणि ही वाट बंद झाली. मसलसोबत त्याहून जुने कर्नल हेडर वापरू नका, तेवढ्याने बरेच पॅच वाचतात.

मेजर(), मायनर(), मेकडेव() वापरत असाल तर सिस/सिसमॅक्रोज.एच स्वतः इन्क्लूड करा. ग्लिबसी २.२८ पासून सिस/टाइप्स.एच ते आणत नाही. जीसीसी १२ वर वॉर्निंग देऊन फाइल कंपायल होते आणि लिंक करताना अडते. जीसीसी १४ पासून कंपायल करतानाच एरर.

टीटीवाय

रेस्क्यू टूल म्हणजे सिरियल कन्सोलही येणार, तेव्हा एक इशारा. वर ज्या टकरी आहेत त्या निदान एरर देतात. टर्मिओसमध्ये (टर्मिनलच्या सेटिंगांचं हेडर) त्याच प्रकारची चूक गुपचूप कंपायल होते.

एक्स८६-६४ वर ग्लिबसी २.३६ चं स्ट्रक्ट टर्मिओस ६० बाइटांचं आहे, कर्नलचं ३६, कारण कंट्रोल कॅरेक्टरांचा अॅरे एकीकडे ३२ चा आणि दुसरीकडे १९ चा. टीसीगेटअॅट्र() मधलं भाषांतर ग्लिबसी करतं. तुम्ही ग्लिबसीचं स्ट्रक्ट थेट आयऑक्टल(एफडी, टीसीगेट्स, ...) ला दिलंत तर कर्नल पहिले ३६ बाइट भरतो, आणि शेवटची वेगाची दोन फील्ड जशीच्या तशी कचरा राहतात.

बॉदर (वेग थेट आकड्याने देण्याचा फ्लॅग) वापरून वेगळा बॉड रेट हवा असेल तर स्ट्रक्ट टर्मिओस२ लागतं, ते एएसएम/टर्मबिट्स.एच मध्ये आहे आणि टर्मिओस.एच शी भिडतं. इथेही वेगळी .सी फाइल: एएसएम/टर्मबिट्स.एच आणि सिस/आयऑक्टल.एच, एवढंच. एएसएम/टर्मिओस.एच घेऊ नका, त्यातलं स्ट्रक्ट विनसाइझ सिस/आयऑक्टल.एच मध्येही आहे. इन्क्लूडच्या आधी टर्मिओस या नावाचा मॅक्रो करून ते बदलायचं आणि नंतर #अनडेफ करायचं, ही जुनी युक्ती अनेक ठिकाणी सापडेल. पुढच्या कर्नलमध्ये हेडरने आणखी एक नाव जोडलं की ती मोडते.

रेस्क्यू_इमेज

फाइल फोडली, रॅपरला प्रिफिक्स लावला. २.३५ आणि मूळ २.३६ दोन्हींवर बिल्ड झाला. एकच शंका: सिसरूटमध्ये बिल्ड करताना होस्टचे हेडर मध्येच शिरत नाहीत हे खात्रीने कसं बघायचं? मेकफाइलमध्ये कर्नल सोर्सच्या इन्क्लूड डिरेक्टरीचा आणि -आयसिस्टम /यूएसआर/इन्क्लूड असा पर्याय जुन्या काळापासून पडून आहे.

सिसरूट

ते दोन्ही पर्याय आजच काढा. कर्नल सोर्समधली इन्क्लूड डिरेक्टरी यूजरस्पेससाठी नाहीच. इन्क्लूड/यूएपीआय मधलं लिनक्स/टाइप्स.एच त्यावर "अटेम्प्ट टू यूज कर्नल हेडर्स फ्रॉम यूजर स्पेस" अशी वॉर्निंगही देतं. मेक हेडर्स_इन्स्टॉल ला एआरसीएच आणि इन्स्टॉल_एचडीआर_पाथ देऊन सिसरूटच्या /यूएसआर मध्ये बसवलेले हेडरच वापरा.

-आयसिस्टम /यूएसआर/इन्क्लूड दोन प्रकारे बाधतं. क्रॉस बिल्डमध्ये ते सरळ होस्टची डिरेक्टरी दाखवतं. आणि नेटिव्ह बिल्डमध्ये शोधाचा क्रम बदलतं, त्यामुळे जीसीसी ६ पासून सी++ चं सीएसटीडीलिब आतून #इन्क्लूड_नेक्स्ट करतं तेव्हा त्याला एसटीडीलिब.एच सापडत नाही. फक्त --सिसरूट द्या, बाकी जीसीसी स्वतः ठरवतो.

खात्रीसाठी तीन गोष्टी. रिकाम्या इनपुटवर जीसीसी कॅपिटल ई आणि लहान व्ही देऊन, बाकी सगळे फ्लॅग खऱ्या बिल्डचेच ठेवून चालवा. "सर्च स्टार्ट्स हिअर" खालच्या यादीत सिसरूट आणि जीसीसीची स्वतःची डिरेक्टरी सोडून काही दिसता कामा नये. मग भांडणाऱ्या फाइलीवर कॅपिटल एच द्या: उघडलेलं प्रत्येक हेडर पूर्ण पाथसह छापलं जातं, पुढचे टिंब खोली सांगतात. लिनक्स/माउंट.एच च्या ओळीवरून वर जात एक टिंब कमी असलेली पहिली ओळ शोधा, त्याला ओढून आणणारं हेडर तेच. एखाद्या मॅक्रोचा मालक शोधायचा असेल तर कॅपिटल ई सोबत लहान डी, कॅपिटल डी हा जोड पर्याय. आउटपुटमध्ये एमएस_आरडीओन्ली शोधा, त्याच्या वरची जवळची # ने सुरू होणारी ओळ फाइल आणि लाइन नंबर देते.

आणि प्रोजेक्टमध्ये स्वतःचं माउंट.एच किंवा शेड.एच नावाचं हेडर असेल, तर त्या डिरेक्टरीला -आय ऐवजी -आयकोट लावा. मग ते फक्त अवतरणचिन्हातल्या इन्क्लूडला सापडेल, <शेड.एच> ला लिबसीचंच मिळेल.